दाभोळच्या खाडीचा वाटा

कोकणाचं क्षेत्रफळ राज्याच्या जेमतेम दहा टक्के, पण राज्याच्या एकूण जलसंपत्तीतला त्याचा वाटा सुमारे ४६ टक्के. चितळे आयोगाने १९९९ मध्ये हे प्रमाण मांडलं. तेव्हापासून पाण्यावरच्या प्रत्येक चर्चेत ते येतं आणि त्याच्या पाठोपाठ एक निष्कर्षही ठरल्यासारखा येतो: पश्चिमवाहिनी नद्यांचं एवढं पाणी समुद्राला मिळून फुकट जातं, ते अडवावं, वळवावं, तुटीच्या खोऱ्यात न्यावं. नार-पार-गिरणा असो, दमणगंगेचं पाणी गोदावरीत सोडायची योजना असो की उल्हास-वैतरणा खोऱ्यातून मराठवाड्याकडे नेण्याची, त्यांच्यामागचं गृहीतक एकच आहे, आणि सत्तेत कोणीही असो, त्यावर प्रश्न विचारला जात नाही. तो विचारायला हवा, कारण नदी आणि समुद्र यांच्यामध्ये खाडी आहे आणि तिचं जगणं याच पाण्यावर चालतं. शेती आणि शहरं यांच्याइतकाच खाडीलाही या पाण्यात वाटा आहे. पाणीवाटपाच्या कागदांवर मात्र तिच्या नावाचा रकाना नाही. तो येत नाही तोवर किनाऱ्यावर कांदळवनं राखून आणि मच्छीमारांना अनुदान देऊन खाडी वाचणार नाही, असं माझं म्हणणं आहे.

कोकणातल्या आणि गोव्यातल्या खाड्या वर्षभर एकसारख्या नसतात. ज्या देशांत नद्यांना बारमाही पाणी असतं तिथे गोड्या आणि खाऱ्या पाण्याचा तोल बराचसा स्थिर राहतो. आपल्याकडे तो महिन्यागणिक बदलतो. दोना पावला इथल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी मांडवी आणि जुवारी नद्यांचा दीर्घकाळ अभ्यास करून हे चक्र दाखवून दिलं आहे. पावसाळ्यात डोंगरातून एवढं पाणी उतरतं की खाडीचा मोठा भाग जवळजवळ गोडा होऊन जातो. पाऊस ओसरला की समुद्र भरतीगणिक थोडा थोडा वर सरकू लागतो आणि मेअखेरपर्यंत सरकतच राहतो. तो किती वेगाने आणि किती आत येणार, हे पाऊस थांबल्यानंतर डोंगर किती पाणी सोडत राहतात यावर ठरतं. या चढउताराशी जीवांनी आपले जीवनक्रम जुळवून घेतले आहेत. खाडीत मिळणारी बरीचशी कोळंबी समुद्रात जन्मते; तिची पिल्लं भरतीबरोबर आत येतात, कांदळवनाच्या मुळांत आणि चिखलात वाढतात आणि मोठी होऊन समुद्रात परततात. जिताडा, म्हणजे रत्नागिरीकडचा खजुरा आणि गोव्यातला चोणक, याच्या उलट वागतो. तो गोड्या आणि मचूळ पाण्यात वाढतो आणि अंडी घालायला मुखाकडे उतरतो. तिसऱ्या आणि कालवं तर जागा सोडूच शकत नाहीत. पाणी जसं येईल तसं त्यांना सोसावं लागतं. या सगळ्यांच्या अन्नाच्या तळाशी असलेल्या सूक्ष्म वनस्पतींना लागणारं सिलिकेट खडक झिजून नदीतूनच येतं. तेव्हा बंदरावर उतरणाऱ्या मासळीचा एक भाग घाटमाथ्यावर पडलेल्या पावसाने घडवलेला असतो.

आपला कायदा मात्र उलट्या टोकाने सुरू होतो. किनारा नियमन क्षेत्राच्या अधिसूचनेनुसार खाडीची वरची हद्द ठरते ती पाण्याच्या खारेपणावरून: वर्षातल्या सर्वांत कोरड्या काळात जिथे क्षारता दर हजारी पाच भाग असते तिथवर भरतीचा प्रभाव मानायचा. त्या रेषेपर्यंतच्या काठांवर २०११ च्या नियमांत शंभर मीटर किंवा खाडीच्या रुंदीएवढा, यांपैकी कमी असेल तो पट्टा राखलेला होता. २०१९ मध्ये शंभराचे पन्नास झाले. पट्टा निम्मा करण्यावर टीका झाली आणि ती योग्यच होती, पण माझ्या मते मोठी उणीव आधीपासूनच होती. हा कायदा खाडीकडे जमिनीच्या दोन फिती म्हणून पाहतो. फितीच्या आत झोपडी बांधायलाही परवानगी लागते, आणि रेषेच्या वर पन्नास किलोमीटरवर नदी अडवली, डोंगर बोडका केला किंवा रसायनांचा कारखाना उभारला तर खाडीच्या दृष्टीने त्याची दखल घेण्याचं काम कुणावरच नाही. उलट वरून येणारं गोडं पाणी तोडलं तर क्षारतेची रेषाच वर सरकेल आणि कागदावर संरक्षित खाडी लांब झालेली दिसेल.

खाडीची प्रकृती उत्तम आहे असं सांगणाऱ्यांकडे एक पुरावा नेहमी तयार असतो. वन सर्वेक्षणानुसार राज्यातलं कांदळवन १९८७ मध्ये १४० चौरस किलोमीटर होतं, ते २०२१ पर्यंत ३२४ झालं. उच्च न्यायालयाचे आदेश आणि २०१२ पासून काम करणारा कांदळवन कक्ष यांचं त्यात मोठं श्रेय आहे आणि ते नाकारायचं कारण नाही. परंतु कांदळवन वाढणं आणि खाडी धडधाकट असणं या दोन गोष्टी एक नव्हेत. ठाण्याच्या खाडीत कांदळवन ज्या जागी पसरलं त्यातली बरीच जागा पूर्वी उघड्या चिखलाची होती; गाळ साचत गेला, तळ उंचावला आणि झाडांनी तो व्यापला. रायगडात खारबंदिस्तीचे बांध फुटून शेतात खारं पाणी शिरलं आणि भातशेतीच्या जागी कांदळ उभं राहिलं, त्याचीही नोंद वाढ म्हणूनच होते. हिरवा पट्टा उपग्रहाला दिसतो. पाण्यातला प्राणवायू, तळातले जड धातू, तिसऱ्यांची बुजलेली जागा त्याला दिसत नाही.

हे सगळं एकाच खोऱ्यात पाहायचं असेल तर वाशिष्ठीसारखं उदाहरण नाही. नदी लहान, पण चिपळूणजवळच्या गोवळकोटच्या धक्क्यापासून दाभोळच्या मुखापर्यंतची खाडी चाळीसहून अधिक किलोमीटर लांब. या खाडीत येणारं बरंचसं पाणी तिच्या स्वतःच्या खोऱ्यातलं नाही. महाबळेश्वरला उगवून कराडला कृष्णेला मिळणारी कोयना शिवसागरात अडवली गेली, आणि १९६० च्या दशकापासून तिचं पाणी सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यांतून पोफळीला उतरवून वीज बनू लागली. कोळकेवाडीच्या धरणात साठून, अलोऱ्याला पुन्हा एकदा टर्बाइन फिरवून ते वाशिष्ठीत येतं. कृष्णा लवादाने या पश्चिमेकडच्या वापरासाठी वर्षाला ६७.५ टीएमसी पाणी ठरवून दिलं आहे. वर्षभराची सरासरी काढली तर सेकंदाला सुमारे साठ हजार लिटर. या आकड्याचं वजन कळण्यासाठी एक तुलना पुरेशी आहे: सरदार सरोवराखालच्या नर्मदेसाठी ठरवलेला किमान विसर्ग ६०० क्युसेक, म्हणजे सेकंदाला सुमारे सतरा हजार लिटर आहे. कोकणातली एक छोटी नदी त्याच्या तिपटीहून अधिक परकं पाणी रोज समुद्रापर्यंत पोचवते.

कोयनेचं हे अवजल, म्हणजे वीज बनवून सुटलेलं पाणी, ही वाशिष्ठीसाठी देणगी आहे की आघात, याचं सरळ उत्तर नाही आणि म्हणूनच ते शोधायला हवं होतं. मूळची खाडी एप्रिल-मेमध्ये वरपर्यंत खारी होत असणार. साठ वर्षं ती तशी होत नाही. शिवाय हे पाणी संथ, एकसारखं येत नाही. कोयना हा प्रामुख्याने मागणी चढते त्या वेळी चालवायचा प्रकल्प आहे, त्यामुळे महाराष्ट्रभर संध्याकाळी विजेचा भार वाढतो तेव्हा वाशिष्ठीचं पाणीही वाढतं. भरती-ओहोटी चंद्राच्या वेळेने चालते आणि गोडं पाणी भारनियंत्रण केंद्राच्या. या दोन वेळापत्रकांत सहा दशकं जगलेली खाडी आता तिच्या जुन्या रूपापेक्षा वेगळी झालेली आहे, आणि चिपळूण शहर, एमआयडीसी, काठावरच्या नळपाणी योजना यांनीही आपला जम या अवजलावर बसवला आहे. हीच गोष्ट कमी प्रमाणात कुंडलिका, पाताळगंगा आणि उल्हास यांची आहे. भिरा, खोपोली आणि भिवपुरी इथल्या टाटांच्या वीजघरांतून त्यांना शंभरेक वर्षं घाटापलीकडचं पाणी मिळत आलं आहे.

आता हे अवजल मुंबईला न्यावं, रायगडला द्यावं, सिंचनाला वापरावं, असे प्रस्ताव पुन्हा पुन्हा पुढे येतात. त्यांच्या बाजूने एक युक्तिवाद होऊ शकतो आणि तो बिनतोड वाटतो: हे पाणी वाशिष्ठीचं नव्हतंच, ते काढून घेतलं तर खाडी आपल्या नैसर्गिक स्थितीत परत जाईल. तसं होणार नाही. साठ वर्षांपूर्वीची खाडी ज्या डोंगरांवर उभी होती ते डोंगर आता तसे नाहीत. रत्नागिरी जिल्ह्यातलं जंगल बहुतांश खासगी मालकीचं आहे आणि ते ट्रकांनी उतरत राहिलं. ज्या उतारांनी पावसाळ्यानंतर चार महिने पाणी सोडत राहायचं, ते पावसाबरोबरच रिकामे होतात. त्यात खाडीत औद्योगिक सांडपाणी येतं आणि त्याला विरळ करणारं पाणी आज अवजलाचंच आहे. ते काढून घेतलं तर मागे उरेल ती १९६० ची खाडी नसेल. झऱ्यांचं पाणी नाही, अवजल नाही आणि विष मात्र आहे, अशी तिसरीच खाडी असेल. अवजल कधीच हलवू नये असा माझा आग्रह नाही. पण किती हलवलं तर क्षारता कुठवर येईल, कोणत्या महिन्यात हलवणं सुसह्य ठरेल, या प्रश्नांची उत्तरं मिळाल्याशिवाय ते हलवणं हा जुगार आहे, आणि त्यात पणाला लागलेली उपजीविका खेळणाऱ्यांची नाही.

डोंगर उघडे झाल्याचा दुसरा परिणाम गाळाचा. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं, तेव्हा अतिवृष्टी, भरती आणि धरणाचा विसर्ग यांवर बरीच चर्चा झाली. नदीचं पात्र गाळाने उथळ झालं आहे हे चिपळूणकरांनी लावून धरलं, उपोषणं केली, आणि वाशिष्ठी व शिव नदीतला गाळ काढायला सुरुवात झाली. ते गरजेचं होतं. पण गाळ येतो कुठून, हा प्रश्न पोकलेनने सुटत नाही. उघडे उतार, महामार्गासाठी परशुराम घाटात उभे कापलेले डोंगर, दरवर्षी सुटणाऱ्या दरडी, हे सगळं चालू असताना पात्र साफ करणं म्हणजे नळ चालू ठेवून फरशी पुसणं. शिवाय गाळ शहरापुरता थांबत नाही. तो खाली खाडीत जातो, होड्यांच्या वाटा बुजवतो आणि तिसऱ्यांच्या जागांवर थर चढवतो. चिपळूणचा व्यापारी आणि खाडीतला मच्छीमार एकाच गाळाचे पीडित आहेत. एकाची तक्रार नगर परिषदेत जाते, दुसऱ्याची मत्स्यव्यवसाय खात्यात, आणि उतारावरची झाडं तोडायची परवानगी तिसऱ्याच कार्यालयातून मिळते.

खाडीत सांडपाणी सोडणाऱ्या लोटे-परशुराम औद्योगिक वसाहतीबद्दल इतकं लिहून झालं आहे की वाचकाला कंटाळा यावा, आणि तरीही खाडीत मासे मरून तरंगल्याच्या बातम्या थांबलेल्या नाहीत. डॉ. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालच्या पश्चिम घाट तज्ज्ञ समितीने २०११ च्या अहवालात या प्रदूषणाची आणि सामायिक सांडपाणी केंद्राच्या अपुरेपणाची नोंद घेतली होती. पुढे गाडगीळांनी जाहीरपणे एक हिशेब मांडला: लोट्यातल्या रासायनिक उद्योगांत सुमारे अकरा हजार लोकांना काम आहे, आणि दाभोळ खाडीच्या प्रदूषणाने सुमारे वीस हजार मच्छीमारांचं काम गेलं आहे. या आकड्यांवर वाद घालता येईल. उद्योगांनी आणि सरकारने तो घालावाच, आपली मोजणी पुढे ठेवून घालावा. पण रोजगार विरुद्ध पर्यावरण अशी मांडणी करणाऱ्यांना या हिशेबाने जे उत्तर दिलं त्याला बगल देता येत नाही. खाडीत जाळं टाकणारा भोई, चिखलातून तिसऱ्या आणि मुळे काढणारी बाई, हाही रोजगारच आहे. त्याची नोंद कारखान्याच्या हजेरीपटासारखी होत नाही, एवढ्यावरून तो नव्हताच असं म्हणता येणार नाही.

सर्वांत जास्त वेळा ऐकू येणारा आक्षेप असा की कोकणात तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातलं थोडं वळवलं तर खाडीला कळणारही नाही. ऐन पावसाळ्यातलं पुराचं पाणी मर्यादेत साठवलं तर हे बऱ्याच अंशी खरं आहे. पण धरण जेव्हा पाणी अडवतं तेव्हा सुरुवातीचे लोट आणि पावसाळ्यानंतरचा पाझरही अडवतं, आणि खाडीला नेमकी त्यांचीच गरज असते. याचे दाखले दूर शोधायला नकोत. फरक्काचा बंधारा १९७५ मध्ये सुरू झाला आणि अलाहाबादपर्यंत चढणारा हिलसा, आपल्याकडचा पाला मासा, वरच्या गंगेतून जवळजवळ नाहीसा झाला. नर्मदेच्या मुखाशी भरूचच्या पाला मासेमारीला असाच फटका बसला. नदीचं पाणी आटलं आणि खारं पाणी शहरापर्यंत आलं. नाईलवर आस्वानचं मोठं धरण झालं तेव्हा मुखाजवळच्या तारलीसारख्या मासळीचं उत्पादन १९६२ च्या सुमारास अठरा हजार टन होतं ते काही वर्षांत हजार टनांखाली गेलं. नाईलची मासेमारी १९८० च्या दशकात सावरली हेही सांगितलं पाहिजे. पण काही शास्त्रज्ञांच्या मते ती सावरली पुराच्या पाण्याने नव्हे, तर इजिप्तच्या शहरांच्या सांडपाण्याने आणि शेतातून वाहून आलेल्या खतांनी. खाडीला पोषण देण्याचा हा मार्ग कुणी धोरण म्हणून सुचवणार नाही.

खरा अवघड आक्षेप पिण्याच्या पाण्याचा आहे. मराठवाड्यात टँकर चालतात. मे महिन्यात कोकणातल्या वाड्यांवरही चालतात. माणसं तहानलेली असताना माशांसाठी पाणी सोडायचं का, या प्रश्नापुढे गप्प बसावंसं वाटतं. मात्र पिण्याला लागणारं पाणी एकूण वापरात फार थोडं असतं. मोठ्या योजनांचा बहुतेक वाटा सिंचनाला आणि उद्योगांना जातो, आणि मंजुरी मिळवताना तहानेचं नाव पुढे केलं जातं. दक्षिण आफ्रिकेने १९९८ च्या जलकायद्यात हा गुंता स्वच्छ सोडवला. तिथे माणसांच्या मूलभूत गरजेचं पाणी आणि नदीच्या परिसंस्थेचं पाणी हे दोन्ही मिळून राखीव धरले जातात, खाड्यांसाठीही ते ठरवलं जातं, आणि उरलेल्याचं वाटप त्यानंतर होतं. माणूस आणि खाडी तिथे एकाच बाजूला आहेत. समोर आहेत ऊस, कारखाने आणि बाग-बगीचे. आपल्याकडे २०१८ मध्ये गंगेसाठी पर्यावरणीय प्रवाह अधिसूचित झाला, तोही उन्नावपर्यंतच्या वरच्या टप्प्यापुरता. पश्चिमवाहिनी नद्यांच्या मुखांचा विचार त्यात येण्याचा प्रश्नच नव्हता.

संपूर्ण खोरं एकत्र धरणं सोपं नाही, हे मान्य. अमेरिकेतल्या चेसापीक खाडीचं खोरं सहा राज्यांत पसरलेलं आहे. २०१० मध्ये तिथे प्रत्येक राज्याला नायट्रोजन, फॉस्फरस आणि गाळ यांची कमाल मर्यादा ठरवून दिली गेली, २०२५ ची मुदत घातली गेली, आणि मुदतीत सगळी उद्दिष्टं पुरी झाली नाहीत. तरी प्रदूषण घटलं, आणि कुणामुळे किती कमी पडलं हे आकड्यांत सांगता येतं. वाशिष्ठीचं काम त्या मानाने फारच आटोक्यातलं आहे. अवजलाचा उगम घाटापलीकडे असला तरी नदीचं सगळं खोरं, जगबुडी या उपनदीसकट, एका जिल्ह्यात आहे. पाण्यावर जलसंपदा आणि महानिर्मिती, सांडपाण्यावर एमआयडीसी आणि प्रदूषण नियंत्रण मंडळ, वाळूवर महसूल, जेट्टीवर मेरीटाईम बोर्ड, कांदळवनावर वन खातं, बांधांवर खारभूमी विभाग: ही सगळी कार्यालयं एकाच राज्य सरकारची आहेत. त्यांना एका टेबलावर बसवायला नवा लवाद लागत नाही, एक शासन निर्णय पुरेसा आहे.

त्या टेबलावर पहिलं काम मोजणीचं असावं. गोवळकोट ते दाभोळ ठराविक ठिकाणी, उधाण आणि भांग दोन्ही वेळी, किमान दोन पूर्ण वर्षं क्षारता, विरघळलेला प्राणवायू आणि गाळ मोजून आकडे दर महिन्याला जाहीर करावेत. मोजणीत खाडीकाठच्या मच्छीमार संस्थांना घ्यावं, कारण कोणता मासा कोणत्या कोंडीतून कोणत्या वर्षी गेला हे त्यांना माहीत आहे. त्यानंतर प्रत्येक महिन्यासाठी खाडीचा वाटा टीएमसीमध्ये लिहावा आणि कोयनेच्या वीजनिर्मितीचं वेळापत्रक शक्य तिथे त्याच्याशी जुळवावं. अवजलाच्या पुढच्या प्रकल्प अहवालात हा आकडा नसेल, तर तो अहवाल अपुरा म्हणून मंत्रालयातूनच परत पाठवला गेला पाहिजे.